तक्रार पुढच्या चाकाची, दोष मागच्या शॉकचा: एका ट्रेल बाइकच्या सेटअपचं प्रकरण

बाइक म्हणजे इथे डोंगरवाटांवर चालवायची सायकल. ही २९ इंची चाकांची, ॲल्युमिनियम फ्रेमची, मीडियम मापाची. पुढे रॉकशॉक्स पाईक फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं सस्पेन्शन, ट्रॅव्हल १५० मिमी, म्हणजे चाक तेवढं वर-खाली होऊ शकतं. मागे १४० मिमी ट्रॅव्हल आणि २१० बाय ५५ मापाचा एअर शॉक, म्हणजे हवेवर चालणारं मागचं सस्पेन्शन. पूर्ण दाबला तर शॉक ५५ मिमी आत जातो, हा त्याचा स्ट्रोक. पहिला मालक कॅलिफोर्नियात नोकरी करणारा पुण्याचा मुलगा, वजन ८४ किलो. स्वतःला दुसरी, नवी बाइक घेतल्यावर त्याने ही खोक्यात घालून विमानाने आणली आणि धाकट्या बहिणीला दिली. बहिणीचं वजन ५६ किलो. भावाबहिणीच्या उंचीत फारसा फरक नाही, त्यामुळे फ्रेम तिला व्यवस्थित बसली. फ्रेम बसली म्हणजे बाइक बसली, असं सगळ्यांनी धरून चाललं.

आपल्याकडे चांगल्या फुल-सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या बाइक बऱ्याचदा अशाच येतात. कुणाचा तरी भाऊ, मावसभाऊ, मित्र परदेशातून आणतो, किंवा कुणीतरी दोन हंगाम चालवून विकतो. फ्रेमचं माप सगळे बघतात. पण बाइकसोबत आधीच्या माणसाचं वजनही आलेलं असतं. ते हवेच्या दाबात असतं, डायलच्या क्लिकमध्ये असतं आणि फोर्कच्या पोटात बसवलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यांमध्येही असतं. हवा बदलणं सोपं आहे, म्हणून तेवढीच बदलली जाते.

तक्रार काय होती

ही मुलगी नवशिकी नव्हे. हार्डटेलवर, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर, पुण्याच्या टेकड्या तिने वर्षानुवर्षं पालथ्या घातल्या आहेत. बाइक माझ्याकडे दाखवायला आणली तेव्हा तिचं म्हणणं सरळ होतं, "काका, वळणावर पुढचं चाक सटकतं. हार्डटेलवर जिथे ब्रेकला हात लावत नव्हते, तिथे आता जीव मुठीत धरून उतरते." त्याशिवाय लांब उतारावर हाताला मुंग्या येतात, आणि दगडांच्या पट्ट्यात बाइक सुरुवातीला मऊ वाटते, मग एकदम दगड होते. जाता जाता तिने आणखी एक सांगितलं. सपाट ट्रेलवरही पेडल दगडांना आपटतं.

आधी एका दुकानात दाखवून झालं होतं. तिथे पुढे पकड मिळावी म्हणून फोर्कची हवा कमी केली होती आणि मागचा शॉकही "मऊ" करून दिला होता. मित्रमंडळींचा सल्ला होता पुढचा टायर बदलण्याचा. महागातला, मोठ्या गुट्ट्यांचा टायर ती मागवणारच होती. तो थांबवायला सांगितलं, कारण माझं लक्ष त्या पेडलवर गेलं होतं. सपाटीवर पेडल आपटतं म्हणजे बाइक जितक्या उंचीवर चालायला हवी तितक्या उंचीवर चालत नाही. ती कुठेतरी खाली बसलेली आहे, आणि टायर बदलून ती वर येणार नव्हती.

आधी नोंद, मग पाना

अशी बाइक हातात आली की पहिलं काम कागद घ्यायचा. डायल फिरवून बघण्याचा मोह होतोच, पण एकदा फिरवला की आधी काय होतं ते कायमचं गेलं. रिबाउंड, म्हणजे दाबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत उघडतं, ते ठरवणारी सेटिंग मोजताना डायल घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करत नेऊन क्लिक मोजायचे, लिहायचे आणि परत तितकेच उघडायचे.

कागदावर आलं ते असं. टायर पुढे २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), मागे ३०, आणि दोन्हीत ट्यूब. फोर्कमध्ये ४४ पीएसआय, रिबाउंड बंद स्थितीपासून ५ क्लिक, कॉम्प्रेशनचा, म्हणजे फोर्क दाबला जाण्याला अडवणारा डायल निम्मा बंद. शॉकमध्ये ११५ पीएसआय, रिबाउंड बंद स्थितीपासून ३ क्लिक. भावाला फोन करून त्याचे आकडे विचारले. फोर्क ७८, शॉक २१५. दोन्हीचे रिबाउंडचे क्लिक त्याने सांगितले ते तंतोतंत आजचेच निघाले. दुकानाने हवा बदलली होती, रिबाउंड सांभाळणाऱ्या तेलाच्या वाटेला कुणी गेलंच नव्हतं.

मग वजन. अंगावरच्या कपड्यांवर घेतलेलं वजन इथे उपयोगाचं नाही. हेल्मेट, नीपॅड, बूट, पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर पाणी, पंप, हत्यारं, असं सगळं चढवून तिला काट्यावर उभं केलं. ६१.५ किलो. सामानाचे साडेपाच किलो जड माणसाच्या हिशेबात लपून जातात. तिच्या बाबतीत तो जवळपास नऊ टक्क्यांचा फरक आहे.

सॅग, म्हणजे माणूस बाइकवर चढल्यावर सस्पेन्शन किती खाली बसतं, ते बसून नाही तर उभं राहून मोजलं. पेडल आडवे, गुडघे-कोपर किंचित वाकलेले, वजन मध्यावर, एका माणसाने मागून सीट धरलेली. ट्रेल बाइक उताराला उभं राहूनच चालवली जाते, तेव्हा मापही त्याच पवित्र्यात घ्यावं. ओ-रिंग, म्हणजे दांड्यावर सरकून किती दबलं ते दाखवणारी रबरी कडी, सीलला टेकवायची आणि न हिंदकळता अलगद उतरायचं. फोर्क ४० मिमी बसला होता, म्हणजे १५० पैकी २७ टक्के. शॉक ५५ पैकी २१ मिमी, म्हणजे ३८ टक्के. अशा बाइकला साधारण पुढे १५ ते २० आणि मागे २८ ते ३० टक्के सॅग धरतात.

दोन्हीकडे आकडे जास्त, पण दोन्हीकडे जवळपास सारखेच जास्त. फोर्क हवा त्यापेक्षा साधारण १२ मिमी जास्त बसलेला आणि मागचं चाकही तेवढंच. म्हणून खोलीत उभी केलेली बाइक दोन्ही टोकांना समतोल दिसत होती. हँडलचा कोन ठीक, फक्त तळाचा क्रँक १२ मिमी खाली. पेडल का आपटतं ते इथे कळलं. पुढचं चाक का सटकतं, ते मात्र या आकड्यांवरून कळत नव्हतं.

सस्पेन्शनच्या आधीची कामं

हे थोडक्यात सांगतो, पण ही कामं टाळून पुढे जाता येत नाही.

फोर्क बराच काळ पडून होता. खालच्या भागाची सर्व्हिस, म्हणजे लोअर लेग सर्व्हिस, रॉकशॉक्स ५० तास चालवल्यावर करायला सांगते. इथे ती कधी झाली होती ते कुणालाच आठवत नव्हतं. हवा सोडली, खालचे दोन बोल्ट थोडे सैल केले, त्यांच्यावर रबरी हातोड्याने ठोकलं आणि पाय खाली ओढले. डाव्या पायातून चमचाभरही तेल निघालं नाही, आणि निघालं ते राखाडी होतं. सीलखालचे फोमचे रिंग कोरडे पडलेले, बोटाने दाबले तर काळी माती हाताला लागत होती. असा फोर्क छोट्या खड्यांवर हलतच नाही. घर्षण त्याला धरून ठेवतं आणि ते सगळे हादरे मनगटात जातात. सॅगसुद्धा खोटा दाखवतो. फोम धुऊन तेलात भिजवले, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने नवं तेल घातलं. नंतर सॅग पुन्हा मोजला तर तो ४१ मिमी भरला, आणि उरलेली मापं याच्यावर घेतली.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब का, तर विमानप्रवासासाठी हवा सोडली होती आणि तोवर आतलं सीलंट, म्हणजे छिद्रं बुजवणारं द्रव, वाळून पापुद्रे झालं होतं. दुकानाने सोपा मार्ग काढला. ट्यूब आली की दाब वाढवावा लागतो, नाहीतर बेसाल्टच्या एका धारेवर ती रिमखाली चिमटून फुटते. रिम टेप नवी लावली, व्हॉल्व बसवले, प्रत्येक चाकात १०० मिली सीलंट घातलं. टायर रिमवर बसवायला मोटारींच्या पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर चालतो, फक्त सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्वसाठीचा छोटा पितळी अडॅप्टर बरोबर न्यावा लागतो. दाब मात्र त्यांच्या गेजवर मोजू नये. मोटारीचं गेज १९ आणि २२ मधला फरक विश्वासाने सांगू शकत नाही, आणि इथे सगळा खेळ त्या तीन पीएसआयचा आहे. डिजिटल गेजवर पुढे १९, मागे २२ ठेवलं.

तिसरं काम ब्रेकचं. ही बाइक अमेरिकेत जुळवलेली, म्हणून पुढचा ब्रेक डाव्या हाताला होता. ती रोज स्कूटर चालवते आणि स्कूटरचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. "मला सवय झालीय," असं ती म्हणाली. पण घाईच्या क्षणी हात रोजच्या सवयीनेच दाबतात. डाव्या हाताने मागचा ब्रेक हलकेच धरायला जावं आणि मुरमावर पुढचं चाक लॉक व्हावं, हा धोका ठेवून बाकीची चाचणी करण्यात अर्थ नव्हता. ब्रेकच्या तेलाच्या नळ्या काढून अदलाबदल केली, दोन्ही ब्रेक ब्लीड केले, म्हणजे आत शिरलेली हवा काढली.

एवढं झाल्यावर तिने उतार केला. हाताच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. सरळ उतारावरचं घसरणंही थांबलं, म्हणजे त्यात ब्रेकचा वाटा होताच. पण वळणावर पुढचं चाक सटकणं जसंच्या तसं होतं, आणि तिथे तर ती ब्रेक धरतच नव्हती.

बावधनच्या बाजूच्या टेकडीवर

चाचणीसाठी पाषाण-बावधन टेकडीवरचा एक तुकडा निवडला. वर काळ्या कातळाच्या पाच-सहा बुटक्या पायऱ्या आहेत, एकीला लागून एक. त्या संपतात तिथेच डावीकडे उघडं वळण, कुठलाही बांध नाही. त्याखाली पावसाने कापलेली घळ. दिवाळीनंतरचे दिवस, गिरिपुष्पाची पानं गळायला लागलेली, जमीन पूर्ण सुकलेली. सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून कामाच्या दिवशी दुपारी गेलो. चाचणी म्हणून जोरात उतरताना वळणावर कुणाचे आजोबा समोर यायला नकोत.

इथली जमीन समजून घ्यायला हवी, कारण सेटअप शेवटी तिच्यासाठीच करायचा असतो. दख्खनचा बेसाल्ट झिजून त्याचा मुरूम होतो आणि तो मुरूम टणक कातळावर सुटा पसरून राहतो. फरशीवर हरभरे सांडावेत तसा. टायरच्या गुट्ट्यांना रुतायला खाली माती नाही. अशा ठिकाणी पुढच्या चाकावर पुरेसं वजन असेल तरच ते मुरूम दाबून कातळाला धरतं. वजन थोडंही मागे गेलं की चाक हरभऱ्यांवर तरंगतं. ओलसर, भुसभुशीत जंगली मातीत जी चूक खपून जाते ती इथे खपत नाही.

पायऱ्यांच्या शेजारी बसून मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये चित्रण केलं. पहिल्या दगडावर मागचं चाक वर गेलं आणि परत खाली आलं, पण पूर्ण नाही. दुसरा दगड आला तेव्हा शॉक अर्धवट दाबलेलाच होता. तिसऱ्याला आणखी दाबला गेला. चौथ्या-पाचव्यापर्यंत शॉक जवळजवळ तळाला जाऊन बसला होता आणि दोन दगडांच्या मधल्या जागेत तो उठायचा प्रयत्नच करत होता म्हणावं इतका मंद होता. फोर्क मात्र इतका खाली गेला नव्हता. परिणाम चित्रात स्वच्छ दिसत होता. सीट खाली, हँडल वर, तिचे हात ताणलेले, नितंब मागच्या चाकावर. आणि नेमक्या याच अवस्थेत बाइक त्या डाव्या वळणात शिरत होती.

खाली आल्यावर ओ-रिंग बघितल्या. शॉकची ५४ मिमीवर, म्हणजे पूर्ण स्ट्रोक खर्ची. फोर्कची १०४ मिमीवर, म्हणजे १५० पैकी ४६ मिमी वापरातच आले नाहीत.

पुढचं चाक सटकत होतं कारण मागचं टोक बुडालेलं होतं. पकड वाढावी म्हणून फोर्कची हवा कितीही कमी केली असती, टायर कितीही भारी घातला असता, तरी त्या वळणात पुढच्या चाकावर वजन आलंच नसतं.

हे का घडतं

एअर शॉकमध्ये दोन गोष्टी एकमेकींशी झगडत असतात. दाबलेली हवा शॉकला परत उघडायला ढकलते, आणि रिबाउंड सर्किटमधलं तेल त्या उघडण्याला अडवतं. तेल नसतं तर प्रत्येक दगडावर बाइक माणसाला उडवून लावेल. भावाच्या २१५ पीएसआयला ३ क्लिकची घट्ट अडवणूक योग्य होती. आता हवा ११५ वर आली, म्हणजे ढकलणारं बळ जवळपास निम्मं झालं, आणि अडवणारं तेल तेवढंच राहिलं. शॉक उघडतो, पण पुढचा दगड येण्याआधी नाही. रायडर याला पॅक होणं म्हणतात. "सुरुवातीला मऊ, मग दगड" ही तिची तक्रार म्हणजे याचं अचूक वर्णन होतं. दगड होण्याचं कारण स्ट्रोक संपलेला असणं, हे तिला सांगायला कुणी नव्हतं इतकंच.

मला यात खरोखर खुपतं ते वेगळंच. सेटअपबद्दल बोलताना सॅगचा आकडा सगळे सांगतात, दुकानंही तेवढाच बघतात. पण सॅग उभ्या बाइकचं माप आहे. चालत्या बाइकचं माप रिबाउंडमध्ये आहे, आणि हलक्या वजनाच्या लोकांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. ८० किलोच्या माणसाला डायल मध्यावर ठेवून चालून जातं. ५५ किलोच्या मुलीला किंवा किरकोळ बांध्याच्या मुलाला तो जवळजवळ पूर्ण उघडावा लागतो. ते कुणी न सांगितल्यामुळे "फुल-सस्पेन्शन मला झेपत नाही" असं म्हणून चांगले चालवणारे हार्डटेलवर परत जातात.

मागचं टोक, फक्त मागचं

फोर्कला हात न लावता आधी शॉक घेतला. दोन्ही एकदम बदलले तर कशाने काय झालं ते कळत नाही.

हवा ११५ वरून १४५ पीएसआय. भरताना दर पन्नासएक पीएसआयला पंप काढून शॉक सावकाश दहा वेळा दाबायचा, म्हणजे आतल्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कप्प्यांतली हवा समान होते. हे न करता एका दमात भरलं तर शॉक आखडल्यासारखा राहतो आणि सॅग चुकतो. पंप काढताना फिस्स आवाज येतो ती पंपाच्या नळीतली हवा, शॉकची नव्हे. पुन्हा पंप लावला की आकडा कमी दिसतो, कारण नळी भरायला शॉकमधली हवा जाते. त्यामुळे खात्री करायला म्हणून पंप लावत राहू नये.

सॅग १६ मिमी आला, २९ टक्के. मग रिबाउंड. पदपथाच्या कडेवरून सीटवर बसून सावकाश खाली उतरायचं. मागचं टोक दबून वर यावं, एकदाच मूळ जागेच्या किंचित वर जावं आणि स्थिर व्हावं. दोन-तीन हेलकावे आले तर रिबाउंड जास्त उघडा, आणि टोक आळसावल्यासारखं वर आलं तर जास्त बंद. तिच्या बाबतीत ही अवस्था बंद स्थितीपासून ८ क्लिकवर सापडली. या शॉकला एकूण १० आहेत.

पुन्हा टेकडी, पुन्हा तोच तुकडा, तेच चित्रण. या वेळी प्रत्येक दगडानंतर चाक जमिनीकडे परत येताना दिसलं. पायऱ्या संपल्यावर सीट जवळपास मूळ उंचीवर होती आणि तिची छाती हँडलच्या वर होती. वळणात चाक सटकलं नाही. खाली येऊन तिने विचारलं, "काका, पुढे काय केलंत?" पुढे काहीच केलं नव्हतं. पेडल आपटणंही बरंच कमी झालं.

फोर्कच्या पोटातलं

आता मात्र फोर्क जास्त खाली बसलेला वाटू लागला, आणि ते साहजिक होतं. मागचं टोक वर आल्यावर पुढचं टोक तुलनेने नाक खाली घालत होतं. घळीत ब्रेक लावला की फोर्क झपकन बुडायचा, आणि तरीही मोठ्या धक्क्याला मनगटांना ठोसा बसायचा. सुरुवात अति मऊ आणि शेवट अति कडक, हे दोन्ही एकाच फोर्कमध्ये दिसलं की आत टोकन असणार असा अंदाज येतो.

टोकन म्हणजे हवेच्या कप्प्यात जागा अडवणारा प्लास्टिकचा डबीसारखा तुकडा. कप्पा लहान झाला की दाबताना हवा शेवटी शेवटी फार वेगाने कडक होते. जड आणि उड्या मारणाऱ्या माणसाचा फोर्क त्यामुळे तळाला आपटत नाही. भाऊ बाइक पार्कमध्ये चालवायचा. त्याला हे लागत होतं.

डाव्या पायावरचं व्हॉल्वचं टोपण काढलं, आधी हवा पूर्ण सोडली. हवा असताना टॉप कॅप उघडायला जाणं धोकादायक आहे, ती उडून तोंडावर येऊ शकते. या फोर्कची कॅप कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरचक्रांचा संच, काढायच्या टूलनेच उघडते. कॅप वर आली आणि तिच्या खाली एकात एक आटे बसवलेले दोन करडे टोकन लोंबत होते. भावाला फोटो पाठवला, तेव्हा त्याला आठवलं.

दोन्ही काढले. कॅपच्या आट्यांना आणि ओ-रिंगला हलका हात ग्रीसचा दिला, कॅप टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे आवळली. मग हवा वाढवली, ४४ वरून ५४ पीएसआय. मऊ व्हावा म्हणून हवा कमी केलेल्या फोर्कमध्ये मी हवा वाढवतोय हे बघून तिला नवल वाटलं. पण टोकन गेल्यामुळे शेवटचा कडकपणा गेला होता, आणि हवा वाढल्यामुळे मधल्या टप्प्यात आधार आला होता. सॅग २८ मिमी, १९ टक्के. कॉम्प्रेशनचा डायल पूर्ण उघडला. रिबाउंड ५ वरून १२ क्लिकवर नेला. हँडल दाबून सोडलं की फोर्क पटकन वर यावा, पण पुढचं चाक जमिनीवरून उचललं जाऊ नये, एवढंच बघायचं.

उतारानंतर ओ-रिंग १३६ मिमीवर. नेहमीच्या ट्रेलवर एवढी पोचली तर उरलेला १४ मिमी चुकीच्या उडीसाठी राखीव राहतो. प्रत्येक फेरीला १५० पूर्ण वापरला जावा, असा हट्ट धरू नये.

शॉकच्या एअर कॅनमध्येही, म्हणजे हवेच्या कप्प्यात, जागा अडवणारा एक स्पेसर निघाला. तो राहू दिला. नव्या दाबावर शॉकची ओ-रिंग ५० मिमीपर्यंत जात होती आणि तळाला आपटण्याची खूण नव्हती. जे नीट चाललंय ते उघडून बघण्याची गरज नाही.

हँडल

८०० मिमीचं हँडल तिच्या खांद्यांना रुंद होतं. रुंद हँडलवर हात फाकले की छाती खाली जाते पण कोपर वाकायला जागा उरत नाही, आणि घट्ट वळणात बाहेरचा हात पुरत नाही. लगेच कापलं नाही. ग्रिप आणि लिव्हर दोन्ही बाजूंनी २० मिमी आत सरकवून, टोकं तशीच बाहेर ठेवून तिला रुंद, मोकळ्या रस्त्यावर चालवायला दिलं. झाडाझुडपांच्या ट्रेलवर असं करू नये, उघडं टोक अडकतं. ७६० तिला आवडलं, मग कापलं. ब्रेक लिव्हर आत वळवल्या, रीचचा स्क्रू फिरवून एका बोटाच्या पेराला लिव्हर लागेल अशी जवळ आणली. हात लहान असतील तर हा स्क्रू फिरवायलाच हवा. दोन बोटांनी ब्रेक ओढणाऱ्याची हँडलवरची पकड अर्धी होते, आणि मुंग्यांचं एक कारण तेही असतं.

आता काय चाललंय

आकडे एका कार्डावर लिहून तिने हत्यारांच्या पिशवीत ठेवले आहेत. फोर्क ५४ आणि १२ क्लिक, शॉक १४५ आणि ८ क्लिक, टायर १९ आणि २२. त्याखाली तारीख आणि "दोन लिटर पाण्यासह" असा शेरा. अर्धा लिटर पाणी घेऊन छोटी फेरी मारायची असेल तर शॉकमधून तीन-चार पीएसआय सोडले तरी चालतात. हलक्या माणसाला तेवढा फरक जाणवतो.

तपमानाचाही हिशेब तिला दिला आहे. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १२ अंश आणि दुपारी ३२ अंश हे नेहमीचं. तेवढ्या फरकाने १४५ पीएसआयचा शॉक जवळपास १० पीएसआयने वर-खाली होतो, फोर्क चार-पाचने. म्हणून दाब ज्या वेळी बाइक चालवणार त्याच सुमाराला बघायचा. दुपारी उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डिकीत शॉक तापवून मग सॅग लावला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे बाइक पुन्हा खाली बसलेली सापडेल. सीलंट दर दोन-तीन महिन्यांनी बघायचं, आपल्या उन्हाळ्यात ते लवकर वाळतं.

एक काम बाकी आहे. शॉकचा रिबाउंड ८ वर आहे, म्हणजे उघडायला फक्त दोन क्लिक शिल्लक. ती जसजशी वेगाने उतरू लागली आहे तसतसे दगड लवकर लवकर येतात आणि त्या दोन क्लिकमधला एक तिने आधीच वापरून बघितलाय. शॉकच्या आत पातळ पोलादी चकत्यांची चळत असते. तेल त्या चकत्या वाकवून पलीकडे जातं, आणि चळत हलकी केली की अडवणूक कमी होते. पावसाळ्यानंतर शॉक मोठ्या सर्व्हिसला उघडेल, तेव्हा या चकत्या, म्हणजे शिम, तिच्या वजनाप्रमाणे बदलून घ्यायच्या ठरल्या आहेत. मग हाच वेग डायलच्या मध्यावर मिळेल आणि दोन्ही बाजूंना फिरवायला जागा राहील. नव्या टायरसाठी बाजूला काढलेले पैसे त्या कामाला लागतील.